दुसरी वेलांटी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. मी कुणाला पाढे शिकवले नाहीत आणि माझ्यासमोर उभे राहून कुणी छड्या खाल्ल्या नाहीत. मी चौकातला फळा. शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीला, दोन जाड खिळ्यांवर, डोक्यावर पत्र्याचे झापड घेऊन माझे आयुष्य गेले. शिकलेल्या माणसाला पांढऱ्यावर काळे करता येते असे म्हणतात. माझ्या अंगावर लोकांनी काळ्यावर पांढरे केले, आणि त्यापायी एकदा मला अटक झाली. फळ्याला अटक झाल्याचे तुम्ही कधी ऐकले नसेल. म्हणून टांगल्या टांगल्याच ती हकिगत सांगतो.

खरे तर जन्माने मी फळाही नाही. तीन जाड फळ्या जोडून एका सुताराने मला टेबल म्हणून घडवले आणि कचेरीत नेऊन ठेवले. तेव्हा राज्य परक्यांचे होते. माझ्यावर ताट ठेवून कुणी जेवले नाही, कुणा मुलाने अभ्यास केला नाही. माझ्यावर फक्त हुकूम लिहिले गेले. कुणाला कोंडायचे, कुणाचे वर्तमानपत्र बंद करायचे, कुठली सभा उधळायची, सगळे माझ्याच पाठीवर. एकदा दौत कलंडली आणि उजव्या कोपऱ्यात मोठा डाग पडला. मी लाकूड आहे, मला काय कळते, असे म्हणून मी हात झटकू शकलो असतो. पण मला सगळे ऐकू येत होते, आणि मी गप्प होतो, ही गोष्ट मी लपवणार नाही.

एका दुपारी कचेरीत एका बाईला आणले. बाजारात उभी राहून ती राज्याविरुद्ध बोलली होती, एवढाच तिचा गुन्हा. साहेबाने कागद पुढे सरकवला. तिला सही येत नव्हती. मग शिपायाने तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. कागदावर काय लिहिले आहे, असे तिने विचारले. कुणी सांगितले नाही. तिने पुन्हा विचारले, तेव्हा तिला बाहेर नेले. ती आठ महिने तुरुंगात होती.

पुढे परके गेले. राज्य आपले झाले, तशी कचेरीत नवी टेबले आली आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. मोडक्या खुर्च्या माझ्यावर रचल्या. मांजरी येऊन झोपत. अशी काही वर्षे गेली आणि एक दिवस तीच बाई कचेरीत आली. केस पांढरे झाले होते, लोक तिला आजी म्हणू लागले होते. तिने कारकुनाकडे मला मागितले. एवढे जड, जुने टेबल कशाला हवे, असे त्याने विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "त्याचं आणि माझं जुनं भांडण आहे. ते मिटवायचंय."

मला वाटले, आता जळणात जाणार. माझी तक्रार नव्हती. पण आजीने मला सुताराकडे नेले. लाकूड चांगले आहे, पलंग होईल, असे सुतार म्हणाला. आजीने मान हलवली. चारही पाय कापून टाक आणि फळा कर, चौकात लावायचा आहे, असे तिने सांगितले. सुताराने माझी खालची बाजू रंधून तिचे तोंड केले आणि त्यावर काळा रंग चढवला. पाठ मात्र तशीच ठेवली. म्हणून शाईचा तो डाग आजही माझ्या पाठीवर आहे.

चौकात टांगल्यावर माझ्यावर पहिल्यांदा काय लिहिले गेले असेल? सुविचार नाही, देवाचे नाव नाही. तुरुंगातल्या बायकांकडून आजी अक्षरे शिकून आली होती. तिने खडू घेतला आणि स्वतःचे नाव लिहिले. वेळ बराच लागला, एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडले, पण तिने ते पुसले नाही. मग जमलेल्या लोकांना तिने दोन नियम सांगितले. वर्षभर फळ्यावर कामाच्या गोष्टी लिहा, पण स्वातंत्र्यदिनी खडू सगळ्यांचा. ज्याला जे म्हणायचे ते त्याने एका ओळीत लिहावे. आणि दुसरा नियम, ज्याने लिहिले त्यानेच पुसायचे. दुसऱ्याचे लिहिलेले कुणी पुसायचे नाही.

"झेंड्याला सलाम करायला सगळेच येतात," ती म्हणाली. "पण तो ज्याच्यासाठी लावला, ते वर्षातून एकदा तरी करून बघायला नको का?"

माझ्या आयुष्याचे चांगले दिवस तिथून सुरू झाले. माझी जबाबदारी आली ती दुकानाच्या मालकाकडे, म्हणजे शिंप्याकडे. सगळे त्यांना टेलरमास्तर म्हणत आणि पुढे नुसतेच मास्तर. गंमत अशी, की घरात खरी शिक्षिका त्यांची मुलगी होती. ती शाळेत भाषा शिकवायची आणि तिला सगळे ताई म्हणत. मास्तरांचे अक्षर मोत्यासारखे. सकाळी दुकान उघडले, की कानावरचा खडू काढून ते लिहायला लागत. पाणी किती वाजता येणार, किल्ल्यांचा जुडगा कुणाला सापडला, कुणाकडे बारसे, कुणाकडे दुखवटा. लोक थांबून वाचायचे आणि अक्षराचे कौतुक करायचे.

पण ऱ्हस्व-दीर्घाशी मास्तरांचे हाडवैर होते. दुकानात रंगीत दोरे आले, तेव्हा त्यांनी माझ्यावर झोकात लिहिले, 'येथे सर्व रंगांचे सुत मिळेल.' सूत म्हणजे दोरा आणि सुत म्हणजे मुलगा, हे शाळेत जाणाऱ्या पोरांनाही ठाऊक होते. दिवसभर लोक दुकानात डोकावून विचारत होते, की मास्तर, गोरा सुत आहे का, जरा उंचीचा दाखवा. मास्तरांना संध्याकाळपर्यंत विनोद कळला नाही. तेव्हापासून ताईने एक काम लावून घेतले. शाळेत जाताना ती माझ्यासमोर थांबायची, रुमालाचे टोक ओले करायची आणि वडिलांच्या वेलांट्या नीट करून पुढे जायची. दुसऱ्याचे पुसायचे नाही हा नियम होताच, पण वेलांटीपुरती ताईला सूट होती. मास्तर म्हणत, की कापड माझ्याकडे आणि वेलांट्या तिच्याकडे.

स्वातंत्र्यदिनी तर माझ्यासमोर रांग लागायची. पुलाचा कठडा मोडला आहे, ग्रंथालय रविवारी उघडे ठेवा, शाळेच्या छपराकडे बघा, असे लोक लिहायचे आणि खाली नाव घालायचे. एका वर्षी एकाने लिहिले, की बायकोच्या हातचा चहा मला आवडत नाही, आज हिंमत करून सांगतो. तासाभराने त्याखाली दुसरी ओळ आली, 'मग स्वतः करून प्यावा.' अख्खा चौक पोट धरधरून हसला. पण कठडाही दुरुस्त झाला आणि ग्रंथालयही उघडू लागले, कारण चौकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलेली गोष्ट साहेबलोकांना न वाचल्यासारखी करता येत नाही.

मग आजी गेली. सण मोठा होत गेला आणि त्यातला अर्थ बारीक. कर्णे आले, मंडप आला, साहेबांचे लांबलचक भाषण आले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसे झाले. तरी माझ्यावर ओळ-दोन ओळी चालू होत्या. त्या बंद झाल्या कचेरीत आलेल्या नव्या साहेबांमुळे. त्यांनी माझ्या शेजारी एक हुकूम चिकटवला, की सार्वजनिक ठिकाणी काहीही लिहिण्याआधी मजकूर कचेरीत दाखवून शिक्का घ्यावा. मित्रांनो, मी तीस वर्षे हुकमांखाली काढली आहेत. कागदाचा वास आला तरी मला हुकूम ओळखू येतो. लोकांनी तो वाचला आणि खांदे उडवले. पाण्याच्या वेळेसाठी शिक्का घ्यायचा तर घेऊ, त्यात काय, असे म्हणाले. पण हळूहळू माझ्यावर पाण्याची वेळच तेवढी उरली.

त्या वर्षी, स्वातंत्र्यदिन बारा दिवसांवर असताना, दवाखान्यातल्या कंपाउंडरने शिक्का न घेता एक ओळ लिहिली. तो साधा माणूस. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा. कपाट रिकामे आणि बाहेर तापाने फणफणलेली माणसे, हे बघून तो कंटाळला होता. त्याने लिहिले, 'दवाखान्यासाठी आलेली औषधे कपाटापर्यंत का पोहोचत नाहीत?' खाली स्वतःचे नाव घातले. दुपारी त्याला चौकशीला म्हणून कचेरीत बोलावले आणि तो परत आला नाही. त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, ती रोज कचेरीत जाऊ लागली. रोज तिला एकच उत्तर मिळायचे, की त्यांना पकडलेले नाही, नुसते बसवून ठेवले आहे. असे बारा दिवस झाले. भेटू देत नव्हते आणि कसला कागदही दाखवत नव्हते.

मी खोटे बोलणार नाही. त्या बारा दिवसांत चौकात कुणी तोंड उघडले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मास्तरांनीही उघडले नाही. कचेरीतल्या सगळ्यांचे गणवेश तेच शिवत. वहिनी दुकानावरून गेली, की ते मान खाली घालून मशीन जोरात चालवत. कंपाउंडरची ओळ तेवढी माझ्यावर तशीच होती, कारण ज्याने लिहिले त्यानेच पुसायचे, आणि तो तर आत बसला होता. ती झाकायला म्हणून कचेरीने एक मोठे कापडी तोरण लावले.

स्वातंत्र्यदिन आला. मास्तर आदल्या दिवशीच कचेरीत जाऊन शिक्का घेऊन आले होते. मंजूर झालेला मजकूर तीन शब्दांचा होता, 'आज स्वातंत्र्य दिन'. शाळेत मुलांची कवायत होती म्हणून ताई उजाडताच गेली होती. मास्तरांनी तीन रंगांचे खडू घेतले आणि हातभर मोठी अक्षरे काढली. आज. स्वातंत्र्य. आणि मग 'द' काढून त्यांनी त्याच्या उजव्या बाजूला एक दांडी ओढली आणि डौलात वेलांटी दिली. दुसरी वेलांटी. मग 'न'. मागे सरकून त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि समाधानाने आत जाऊन मशीनवर बसले.

दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बापुडवाणा, ज्याला कुणी वाली नाही असा. माझ्यावर लिहिले होते, 'आज स्वातंत्र्य दीन'.

मला कळले. पण फळ्याला तोंड नसते, आणि ओला रुमाल घेऊन येणारी ताई शाळेत होती. लोक जमू लागले. नवे कपडे, छातीवर कागदी झेंडे. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले नाही. मोठ्या अक्षरांकडे लोक नुसते बघतात, वाचत नाहीत. मग वहिनी आली. ती कुणाच्यात न मिसळता कडेने चालली होती. माझ्यासमोर थांबून तिने एकेक शब्द हळू आवाजात वाचला. पुन्हा वाचला. मग ती दुकानाच्या पायरीवर चढली आणि मास्तरांना तिने हात जोडले.

"भाऊ," ती म्हणाली, "बारा दिवसांत कुणीतरी बोललं. तुम्ही बोललात."

मास्तरांना काही समजेना. ते बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप कानावरच्या खडूकडे गेला. ती चूक आहे, हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर आले होते, मला दिसत होते. वहिनी अजून हात जोडून उभी होती. मास्तरांनी खडू पुन्हा कानावर ठेवला.

तोवर साहेब आले. झेंडावंदन झाले, भाषण झाले, आणि भाषणात आपले थोर स्वातंत्र्य असे म्हणताना साहेबांचा हात माझ्याकडे गेला, हाताबरोबर नजर गेली, आणि वाक्य तिथेच थांबले. चौकातल्या सगळ्यांनी वळून पाहिले. या वेळी सगळ्यांनी वाचले.

साहेब रागीट नव्हते, हे सांगितले पाहिजे. ते गोड बोलणारे होते, आणि तसल्या माणसांची मला जास्त भीती वाटते. ते मास्तरांजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की तुमच्या वेलांट्या सगळ्या गावाला माहीत आहेत, चूक झाली म्हणा, पुसा, मी विसरून जातो. त्याच वेळी शाळेकडून ताई धावत आली. कुणीतरी तिला सांगितले असावे. तिने रुमालाचे टोक आधीच ओले केले होते. ती माझ्यापर्यंत पोहोचली आणि मास्तरांनी तिचा हात धरला.

"आज राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, दीन झालंय ते."

"वाचलं मी."

मग ते साहेबांकडे वळले. ते घाबरलेले होते. माप घ्यायची फीत त्यांच्या गळ्यात होती आणि तिची दोन्ही टोके त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

"लिहिताना चूकच होती, साहेब," ते म्हणाले. "पण वाचल्यावर राहिली नाही. कंपाउंडर घरी येऊ दे. मग मी माझ्या हातानं पहिली वेलांटी देतो."

साहेबांनी हवालदाराला हुकूम केला, की फळा पूस. हवालदाराने माझ्याकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले. त्याच्या सदऱ्याला नियमात नसलेला एक आतला खिसा मास्तरांनी हौसेने शिवून दिला होता, आणि त्यातून पांढऱ्या रुमालाचे टोक चांगले बोटभर बाहेर डोकावत होते.

"साहेब, फडकं नाहीये माझ्याकडे," तो म्हणाला.

शेवटी साहेबांनीच स्वतःचा रुमाल काढला आणि मला पुसले. आजीने दोन नियम सांगितल्यापासून, ताईच्या वेलांट्या सोडल्या तर, दुसऱ्याचे लिहिलेले माझ्यावरून कुणी पुसले नव्हते. कुणाच्याही मनाला येईल ते मुकाट सोसणारे मी ते जुने टेबल उरलो नव्हतो. मला संताप आला. रुमाल रंगांनी बरबटला, बाह्यांना खडू लागला, आणि जोरात घासताना वरचे कापडी तोरण सुटून खाली पडले. त्यामागे कंपाउंडरची ओळ होती, नावासकट.

ताईने वडिलांच्या कानावरचा खडू काढून घेतला. आयुष्यात तिने कधी अशुद्ध लिहिले नव्हते. परीक्षेच्या वहीत लिहावे तसे तिने सावकाश, स्वच्छ लिहिले, 'आज स्वातंत्र्य दीन', आणि न अडखळता दुसरी वेलांटी दिली.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही भाषा शिकवता. हे शुद्ध आहे का?"

"आजच्या तारखेला शुद्ध आहे," ताई म्हणाली आणि खडू पुढच्या माणसाकडे दिला.

आता बंद पडलेली रांग पुन्हा लागली. वहिनीने लिहिले, 'माझा नवरा कुठे आहे?' त्याखाली कठड्यावाल्याने, ग्रंथालयातल्या बाईने, दूधवाल्याने तेच लिहिले, 'कंपाउंडर कुठे आहे?' चहाची तक्रार करणाऱ्याने लिहिले, 'मीही विचारतो', आणि त्याच्या बायकोने खाली लिहिले, 'या वेळी हे बरोबर आहेत.' माझ्यावर बोटभर जागा उरली नाही. एवढा भरलेला मी कधीच नव्हतो.

साहेबांनी मास्तरांना ताब्यात घेतले आणि पुरावा म्हणून मलाही खिळ्यांवरून उतरवले. मास्तरांनी दुकानातून धुतलेली चादर आणून माझ्या तोंडावर बांधली आणि लिहिलेले पुसले तर तुमचीच पंचाईत होईल, असे हवालदाराला समजावून सांगितले. ताईने हवालदाराकडून अटकेची वेळ लिहून घेतली आणि बजावले, की उद्या या वेळेच्या आत त्यांना न्यायाधीशांसमोर उभे करायचे, कायदा तसा आहे. हवालदार तिचाच जुना विद्यार्थी होता. त्याने वेळ लिहिली आणि वेलांट्या तपासायला कागद तिच्यापुढे धरला.

आणि मित्रांनो, मला नेले कुठे, तर त्याच कचेरीत. त्याच खोलीत मला भिंतीला टेकवले, जिथे मी एकदा चार पायांवर उभा होतो. कारकून कागद घेऊन बसला आणि त्याने विचारले, की साहेब, गुन्हा काय लिहू? शुद्धलेखनाची चूक लिहिली तर जग हसेल. बदनामी लिहिली तर कुणाची ते लिहावे लागेल. आणि मास्तरांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले तर त्यात कंपाउंडर येतो, ज्याचा या कचेरीत कुठेच कागद नाही. साहेब बराच वेळ खोलीत फेऱ्या मारत होते. भिंतीआडच्या खोलीतून कंपाउंडरचा खोकला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना न्यायाधीशबाईंसमोर उभे केले. चादर सोडली. बाईंनी चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत वाचले. चहाच्या ओळीशी त्या क्षणभर थांबल्या. साहेब म्हणाले, की हा सरळसरळ ध चा मा आहे. मंजूर मजकुरात मुद्दाम बदल करून सरकारचा अपमान केला आहे. बाईंनी मास्तरांना विचारले, की तुम्ही हे चुकून लिहिले की ठरवून?

"लिहिलं चुकून, ठेवलं ठरवून," मास्तर म्हणाले.

ठरवून ठेवण्याचे कारण बाईंनी विचारले, आणि मास्तरांनी सांगितले. मग बाईंनी साहेबांकडे कंपाउंडरच्या अटकेचा कागद मागितला. अटक नाहीच, त्यांना नुसते बसवून ठेवले आहे, असे साहेब म्हणाले.

"मग उठवा," बाई म्हणाल्या. "आणि तासाभरात इथे आणा."

तासाभरात कंपाउंडर आला. दाढी वाढली होती, पायांत बळ नव्हते. दारात थांबलेल्या वहिनीने त्याला धरले आणि ती तिथेच खाली बसली. मास्तरांनाही सोडले. हे ऐकून सगळे गोड झाले असे समजू नका. गणवेश शिवायचे काम मास्तरांच्या हातून गेले ते कायमचे. कंपाउंडरची बदली झाली. शिक्क्याचा हुकूम मागे घ्यायला लोकांना आणखी एक वर्ष भांडावे लागले. औषधे मात्र कपाटात येऊ लागली, कारण ती ओळ आता कोर्टाच्या कागदात गेली होती.

मला परत खिळ्यांवर टांगले, तेव्हा सगळा चौक जमला. ज्याने लिहिले त्याने येऊन आपली ओळ पुसली. कंपाउंडरने आपली पुसली. ताईने आपल्या तीन शब्दांतली दुसरी वेलांटी रुमालाने अलगद काढली आणि खडू वडिलांकडे दिला, कारण शब्द त्यांनी दिला होता. मास्तर माझ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी हळूच विचारले, "पहिली डावीकडून ना गं?" ताईने हो म्हटले. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव वेलांटी, जी मास्तरांनी विचारून दिली.

या गोष्टीला आता खूप वर्षे झाली. मास्तर नाहीत. दुकानात त्यांचा नातू तयार कपडे विकतो. पाण्याची वेळ लोकांना हातातल्या फोनवर कळते, त्यामुळे वर्षाचे कितीतरी दिवस माझ्याकडे कुणी बघत नाही. माझ्या जोडांमध्ये भेग पडली आहे आणि रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण स्वातंत्र्यदिनी ताई काठी टेकत येते आणि माझ्यावर लिहिते, 'आज स्वातंत्र्य द न'. 'द'च्या दोन्ही बाजूंना ती जागा मोकळी ठेवते. मग जमलेल्यांना विचारते, की कागदाशिवाय कुणाला बसवून ठेवले आहे का? लिहायला कुणी घाबरले आहे का? कुणाचे लिहिलेले कुणी परस्पर पुसले का? लोक बोलतात, वाद घालतात, कधी दुपार होते. मग ठरते, की यंदा कुठली वेलांटी द्यायची. काही वर्षी पहिली दिली गेली. काही वर्षी दुसरी, आणि ती पुसण्यासाठी लोक पुढे वर्षभर राबले.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, की आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. मला रंग दिला नाही तरी चालेल, भेग बुजवली नाही तरी चालेल. मी टेबल असताना गप्प राहिलो, त्याची शाई अजून माझ्या पाठीवर आहे आणि ती निघत नाही. तुमच्या पाठीवर तसला डाग पडू देऊ नका, एवढेच मागतो.

यंदाही ताई सकाळी येऊन लिहून गेली आहे. खडू खालच्या फळीवर ठेवला आहे, 'द'च्या दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. चौकात आधी सगळ्यांना विचारून या, कुणी गायब तर नाही ना ते मोजून या, आणि मग यंदाची वेलांटी द्या.